धुक्यात सगळेच नवशिके

भंडारा जिल्ह्यात बर्फ पडत नाही, हे सांगायला हवामानशास्त्रज्ञ लागत नाही. पण बर्फाळ प्रदेशात नवख्या चालकाची जी फसगत होते, तीच डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वैनगंगेच्या काठाने होते. बर्फ चाकाखालची पकड काढून घेतो, धुके डोळ्यांपुढचे अंतर काढून घेते. दोन्हीकडे बिघडते ते एकच गणित : गाडी थांबायला जेवढी जागा लागते, तेवढी समोर मोकळी आहे याची खात्री राहत नाही. थंड देशांनी हे गणित एकट्या चालकाच्या शहाणपणावर सोडलेले नाही. त्यांनी हिवाळ्याचे टायर, निसरड्या रस्त्यावरचे प्रशिक्षण आणि काही ठिकाणी हिवाळ्याची वेगळी वेगमर्यादा कायद्याने आणली. आपण मात्र ‘धुके आहे, वाहने सावकाश चालवा’ एवढे आवाहन करून मोकळे होतो. या जिल्ह्यातल्या मुख्य रस्त्यांना हिवाळ्यापुरती वेगळी, लेखी आणि फलकावर दिसणारी वेगमर्यादा हवी, असे माझे म्हणणे आहे. ती हवी याचे मुख्य कारण इथे धुके फार पडते हे नाही. इथे ते कमी पडते, हेच खरे कारण आहे. ते पुढे येईलच.

आधी धुके साचते कुठे ते पाहू. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार पडते, वारा पडलेला असतो, आणि त्या हवेत ओल भरपूर असली की पहाटेपर्यंत तिचे सूक्ष्म थेंब होऊन तरंगू लागतात. ओल भंडाऱ्याला कमी नाही. तलावांचा जिल्हा म्हणून त्याची ओळखच आहे. मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या, गोसीखुर्दच्या धरणामुळे भंडारा शहरापर्यंत तुंबलेले वैनगंगेचे पाणी आणि धान निघून गेल्यावरही ओल धरून ठेवणाऱ्या बांध्या. अवकाळी पाऊस येऊन गेला आणि आकाश निवळले की पुढच्या पहाटे सगळा मालमसाला तयार असतो. मात्र हे धुके सलग नसते, आणि घात तिथेच होतो. दहा-बारा किलोमीटर रस्ता स्वच्छ असतो, चालक निवांत होतो, आणि वैनगंगेवरचा कारध्याचा पूल किंवा एखाद्या तलावाची पाळ आली की काच पांढरी होते. पुढे पुन्हा लख्ख. सलग धुक्यात माणूस सावध तरी राहतो. तुटक धुके त्याला वेगात असताना गाठते.

अशा वेळी रस्त्यावर असते कोण? राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा ६ क्रमांकाचा, गुजरातकडून ओडिशाकडे जाणारा. त्यावर रात्रभर चालून आलेले, डोळे तारवटलेले लांब पल्ल्याचे ट्रक असतात. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींचे मँगनीज, गिरण्यांचा तांदूळ, रेतीचे टिप्पर हेही रस्त्यावरच. खरेदी केंद्रावर पहिला नंबर लागावा म्हणून अंधारात निघालेल्या धानाच्या ट्रॉल्या असतात. पहिली एसटी, दुधाच्या कॅन लावलेल्या मोटारसायकली, शिकवणीला निघालेल्या सायकली असतात. आणि पोलीस भरतीच्या तयारीसाठी रस्त्याच्या कडेने धावणारी मुले असतात, कारण गावात धावायला मैदान नसते. शंभराच्या वेगाला पात्र ठरणारी मोटार आणि पायी धावणारा मुलगा यांना एकाच पट्टीत आणणारा हा रस्ता आहे.

आता गणित. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काही दिसले, ते मेंदूला उमगले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात जागा आणि ताजातवाना चालकही दीड सेकंद घेतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ३३ मीटर संपले. मग चांगले टायर आणि कोरडा डांबरी रस्ता असेल तर आणखी सुमारे ३६ मीटर. एकूण ७० च्या आसपास. पण धुक्यातला रस्ता कोरडा नसतो. त्यावर दव असते, दवात धूळ कालवलेली असते, आणि धानाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली बांधीतली माती असते. हे अंतर सहज ९० मीटरवर जाते, आणि भरलेल्या ट्रकला त्याहून अधिक लागते. हवामान खाते २०० मीटरच्या आत दिसत असेल तर त्याला दाट धुके म्हणते आणि ५० मीटरच्या आत अतिदाट. ५० मीटर दिसत असताना ८० च्या वेगाने जाणारा चालक कितीही तरबेज असला तरी उभ्या ट्रॉलीला धडकणारच. त्याचे कौशल्य फक्त किती जोराने धडकायचे एवढेच ठरवू शकते. तोच ४० वर असेल तर ओल्या रस्त्यावरही ३० मीटरच्या थोडे पुढे थांबतो. बर्फाचा हिशेब याच सूत्राने मांडता येतो. गोठलेल्या रस्त्यावर पकड एवढी कमी होते की ४० च्या वेगालाही नुसत्या ब्रेकसाठी ६० मीटरहून अधिक लागू शकतात. विदर्भातून मनालीकडे गाडी घेऊन जाणाऱ्यांना हे तिथे कळते, कारण बर्फ पडल्यावर अटल बोगद्याकडे जाणाऱ्या साध्या गाड्यांना पोलीस अडवतात. चारही चाकांना ताकद देणारी गाडी किंवा चाकांना साखळ्या असल्याशिवाय सोडत नाहीत. तिथे परत पाठवणारा कोणीतरी असतो. कारध्याच्या पुलावर कोणी नसतो.

यावर पहिला आक्षेप असा की माणूस आंधळा नसतो, दिसेनासे झाले की तो आपोआप वेग कमी करतो. करतो, पण पुरेसा करतो का? १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात रॉबर्ट स्नोडेन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकाने उभ्या केलेल्या रस्त्यावर दृश्य धूसर केले की लोकांना आपण हळू चाललो आहोत असे वाटे आणि ते वेग वाढवत. कडेची झाडे, खांब, पट्टे ठळकपणे मागे जाताना दिसतात त्यावरून आपण वेग जोखतो. तेच पुसट झाले की अंदाज चुकतो. हा निष्कर्ष पुढे बराच गाजला. पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की २०१२ मध्ये जर्मनीतल्या पाओलो प्रेत्तो यांच्या गटाने त्याला छेद दिला. त्या आधीच्या प्रयोगात सगळेच दृश्य सारखे धूसर केले होते, खऱ्या धुक्यात मात्र जवळचे स्पष्ट दिसते आणि दूरचे नाहीसे होते, असे त्यांनी दाखवले. अशा धुक्यात चालकांना आपला वेग जास्त वाटला आणि त्यांनी तो कमी केला. म्हणजे डोळा दर वेळी फसवतोच असे नाही. तरीही या दुसऱ्या निष्कर्षाने माझे म्हणणे ढिले पडत नाही. शंभरचा सत्तर करणारा माणूस वेग कमी करतोच आहे. ५० मीटर दिसत असताना ते पुरत नाही, एवढाच मुद्दा आहे. आपण सावध झालो आहोत ही भावना आणि आपण सुरक्षित वेगावर आलो आहोत ही वस्तुस्थिती, यांच्यामधल्या फटीत अपघात होतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात धुके-धूसर हवामानात झालेले ३४ हजारांहून अधिक अपघात आणि १४ हजारांहून अधिक मृत्यू नोंदलेले आहेत. शंभर अपघातांमागे चाळीसहून अधिक मृत्यू हे प्रमाण देशाच्या एकंदर प्रमाणापेक्षा वरचे आहे. त्यात पहाटेच्या वेळेचा आणि महामार्गाचा वाटा असणार, सगळा दोष धुक्याचा नाही, हे मान्य. पण पहाट आणि महामार्ग आपल्याकडेही आहेतच.

आता मूळ मुद्दा. ‘आमच्याकडे काय पंजाबसारखे धुके पडते? चार दिवस पडते, नऊ वाजले की जाते.’ हा आक्षेप बरोबर वाटतो, आणि म्हणूनच तो उलटून पाहायला हवा. अमृतसर किंवा लखनौच्या चालकाला दर हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे धुके मिळते. त्याची सवय होते, चुका करून तो शिकतो, निदान भीती तरी शिकतो. भंडाऱ्याचा चालक एखाद्या हिवाळ्यात मोजक्या पहाटे धुक्यात सापडतो, आणि पुढचा हिवाळा येईपर्यंत ते विसरतो. वीस वर्षे ट्रक चालवलेला माणूसही या एका बाबतीत नवशिका राहतो. त्यातून वाईट म्हणजे, बाकी सगळ्या रस्त्याची त्याला खडानखडा माहिती असते. लाखनीचा उड्डाणपूल कुठे सुरू होतो, साकोलीचे वळण कुठे येते, हे तो डोळे मिटून सांगेल, आणि धुक्यात तो साधारण तसेच करतो. रस्ता पाठ असतो. रस्त्यावर आज काय उभे आहे ते पाठ नसते. परवान्याच्या परीक्षेने या अज्ञानाला कधी हातच लावला नाही. दिवसाढवळ्या, कोरड्या पटांगणावर आठाचा आकडा काढला की परवाना. स्वीडनमध्ये शिकाऊ चालकाला निसरड्या रस्त्यावर गाडी हाताबाहेर कशी जाते ते मुद्दाम तयार केलेल्या मार्गावर अनुभवावे लागते, त्याशिवाय मोटारीचा परवाना मिळत नाही. नॉर्वेत अंधारातल्या वाहतुकीचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्यामागे मुलांना पटाईत करण्यापेक्षा त्यांचा फाजील आत्मविश्वास मोडण्याचा हेतू मोठा आहे, आणि तो मला जास्त पटतो.

चालकाने करायचे ते फार अवघड नाही, पण त्यातले बरेचसे आपल्या सवयीच्या उलट आहे. कमी दिसते म्हणून हात आपोआप मोठ्या दिव्याकडे, आपल्या भाषेत ‘अप्पर’कडे जातो, पण तो प्रकाश थेंबांवर आदळून आपल्याच डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. ‘डिप्पर’वर म्हणजे खालच्या झोतावरच राहावे, धुक्याचे दिवे असतील तर तेही बंपरच्या खाली लावलेले असावेत, वर टपावर लावलेली पिवळी रांग शोभेची. निम्म्या वेळा आपण ज्याला धुके म्हणतो ते काचेच्या आतल्या बाजूचे बाष्प असते. त्यासाठी एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडावी. थंडीत एसी कशाला, असे म्हणून तो बंद ठेवणारे पुसायचे फडके हातात घेऊन गाडी चालवतात. दुचाकीवाल्याने हेल्मेटची काच थोडी उघडी ठेवावी. चारही इंडिकेटर लुकलुकवत चालण्याची नवी पद्धत पडली आहे, ती घातक आहे. मागच्याला तुम्ही उभे आहात की चालत आहात ते कळत नाही, आणि वळायचे ठरवलेत तर सांगायला इंडिकेटर उरत नाही. ते दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून चालणे सर्वांना सुरक्षित वाटते, पण त्यात तुम्ही आपले डोळे त्याच्या हवाली करता, आणि तो जिथे घसरतो तिथे तुम्हीही जाता. दुभाजकाकडे सरकण्यापेक्षा डाव्या कडेची पांढरी पट्टी नजरेत ठेवावी, मात्र त्या कडेने माणसे चालत-धावत असतात हे धरून. गावफाट्यावर काच खाली करावी. कधी कधी ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. आणि थांबायचेच झाले तर पेट्रोल पंपावर, ढाब्याच्या अंगणात, पण डांबराच्या पूर्ण बाहेर. रस्त्याच्या कडेला अर्धवट उभी केलेली गाडी ही धुक्यातली सगळ्यात वाईट चूक आहे. धोकादायक रीतीने गाडी उभी ठेवण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ मनाई करते, पण ते कलम पहाटे सहाला कुणाला आठवत नाही.

हे सगळे एकट्याने पाळून भागत नाही, आणि इथे आवाहनांची मर्यादा उघडी पडते. शहाणा चालक ४० वर आला आणि मागचा ८० वर असला तर शहाण्याला मागून धडक बसते. ‘धुक्यात फार हळू जाणेच धोक्याचे’ असे अनुभवी चालक सांगतात ते चुकीचे नाही. वेगातला फरक मारतो हे खरेच आहे. पण त्यातून निष्कर्ष सगळ्यांनी जोरात जावे असा निघत नाही. सगळ्यांनी मिळून हळू जावे असा निघतो, आणि सगळ्यांनी मिळून काही करायचे तर नियमच लागतो. फिनलंडमध्ये हिवाळ्यात अनेक मुख्य रस्त्यांवरची मर्यादा १०० वरून ८० वर आणतात. ही पद्धत तिथे गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून रुजत गेली. तिथल्या पाहणीत सरासरी वेग प्रत्यक्षात जेमतेम तीन-चार किलोमीटरनेच उतरल्याचे दिसले, तरी अपघात कमी झाले. ‘फलक लावून कोण ऐकतो?’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे : सगळ्यांनी पूर्ण ऐकायची गरज नसते, वरचे बेफाम वेग खाली आले तरी फरक पडतो. परदेश नको असेल तर यमुना द्रुतगती मार्ग घ्या. तिथे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मोटारींची मर्यादा १०० वरून ७५ आणि जड वाहनांची ८० वरून ६० केली जाते. या मार्गावरचे अपघात त्याने संपलेले नाहीत, पण तिथल्या प्राधिकरणाला हिवाळा हा वेगळा ऋतू आहे हे मान्य तरी आहे. आपल्याकडे चौपदरी, दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारींसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली १०० ची कमाल मर्यादा मे महिन्याच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे सारखीच.

अधिकार नाहीत, ही सबबही टिकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या रस्त्यापुरती किंवा पुलापुरती कमी मर्यादा ठरवू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते, पण निर्बंध एक महिन्याहून अधिक काळ नसेल तर तीही लागत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे २० डिसेंबर ते १९ जानेवारी, रात्री दोन ते सकाळी नऊ, वैनगंगेवरचे पूल, तलावांच्या पाळीलगतचे आणि कोका अभयारण्याच्या बाजूचे रस्ते, एवढे आखून फलक लावले तरी सुरुवात होते. सरसकट ४० करा, असे मी म्हणत नाही. महामार्गावर ६० आणि जिथे धुके साचते त्या ठरावीक टप्प्यांवर ४०, असे केले तर ते मोजता येईल आणि पुढच्या वर्षी सुधारताही येईल.

धुक्यात धडकायला समोर काहीतरी उभे असावे लागते, आणि ते बहुतेकदा दिवा नसलेले असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०४ क्रमांकाचा नियम ट्रेलरसह वाहनांच्या मागे दोन लाल परावर्तक मागतो. धानाच्या किती ट्रॉल्यांवर ते दिसतात, हे कोणत्याही आधारभूत खरेदी केंद्राच्या रांगेत उभे राहून पाहावे. असतात तेही मातीने माखलेले, किंवा तणसाच्या भाऱ्यांखाली झाकलेले. इथे लगेच म्हटले जाते की बोनस आणि चुकाऱ्यांची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला पुन्हा दंडाचा भुर्दंड कशाला? आक्षेप रास्त आहे. दंड नकोच. चमकणाऱ्या पट्टीचा खर्च एका ट्रॉलीमागे काही शे रुपयांच्या पलीकडे जात नाही, आणि धानाच्या हंगामात बऱ्याचशा ट्रॉल्या कधी ना कधी खरेदी केंद्रावर येतातच. काटा होईपर्यंत तासन्‌तास उभ्या राहतात. तिथेच बाजार समितीने किंवा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने पट्टी चिकटवून द्यावी. धुके आणि धान खरेदी यांचा मोसम एकच आहे, ही या जिल्ह्याची अडचण आहे आणि सोयही.

रेल्वेने हा प्रश्न केव्हाच चालकाच्या मर्जीवर ठेवलेला नाही. वरठीच्या भंडारा रोड स्थानकातून जाणाऱ्या गाड्यांना धुक्याचे लेखी नियम आहेत. पुढचा सिग्नल दिसणार नसेल तर रुळांवर फटाके लावून लोको पायलटला आवाजाने इशारा द्यायची पद्धत जुनी आहे. दाट धुक्यात वेग ताशी ६० वर ठेवला जाई, आणि सिग्नल जवळ आल्याचे सांगणारे यंत्र इंजिनात आल्यावर तो ७५ करण्यात आला. गाडी उशिरा पोहोचली तर प्रवासी कुरकुरतात, पण ‘धुके होते’ हे कारण फलाटावर चालते. ते बस स्थानकावरही चालायला हवे. साकोली, तुमसर, पवनी आगारांतून पहाटे सुटणाऱ्या एसटीच्या चालकाला धुक्याच्या दिवशी वेळापत्रकातून अर्ध्या तासाची लेखी सूट दिली, आणि धानाचा नंबर पहाटे येणाऱ्याला न देता आदल्या दिवशी टोकनने दिला, तर घाईची दोन कारणे तरी जातील. या दोन्ही गोष्टींना तर फलकही लागत नाही, एका परिपत्रकात बसतात.